चार आकडे वाचणाऱ्या गांगुर्डे बाई

शालिनी गांगुर्डे बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आडगाव नाक्यावर, रस्त्याच्या कडेला, दौलतच्या गाडीच्या मागच्या चाकापाशी उकिडव्या बसल्या होत्या. अंगावर इस्त्रीची सुती साडी, खांद्याला पर्स, डोळ्यांना चष्मा. मोबाईलची बॅटरी लावून त्या टायरच्या अंगावर काहीतरी वाचत होत्या. आम्ही चार शिक्षक गाडीत बसून वाट बघत होतो.

आमची शाळा उमराण्याच्या अलीकडे, हायवेपासून जरा आत. आम्ही राहायला नाशकात. रोज जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर, सगळा आग्रा रोड. सायखेड्याच्या दौलतची सात सीटची गाडी आम्ही महिन्याने लावली होती. बाई आमच्याच संस्थेच्या दुसऱ्या शाळेतून विज्ञान शिकवायला बदलून आल्या होत्या आणि त्यांचा हा गाडीतला पहिला दिवस होता.

"म्याडम, बसा ना," दौलत म्हणाला. "टायरं चांगली हायेत."

"कधी बनलेली आहेत?"

"ते कुणाला माहीत?"

"इथे लिहिलंय." बाईंनी बोट ठेवलं. "हे चार आकडे. पहिले दोन म्हणजे वर्षाचा कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. हा टायर आठ वर्षांचा आहे, दौलत. बाजूला बघ, केसाएवढ्या भेगा पडल्यात."

"पण नक्षी भरपूर हाय की."

"नक्षी आहे. रबर मेलंय."

असं म्हणून त्या उठल्या, साडी झटकली, आणि एसटीने निघून गेल्या. शाळेत तासभर उशिरा पोहोचल्या. मुख्याध्यापकांनी अर्धी रजा मांडली. बाईंनी सही केली. दुसऱ्या दिवशी नाक्यावर पुन्हा तेच. त्या आल्या, वाकून तो टायर पाहिला, आणि एसटीकडे चालू लागल्या. असे सहा दिवस गेले. आम्ही गाडीत त्यांची थट्टा करायचो, पण एक गंमत झाली होती. गाडीत चढताना आमचीही नजर त्या चाकाकडे जायला लागली. एकदा दाखवल्यावर त्या भेगा न दिसणं अवघड होतं.

सातव्या दिवशी दौलतने टायर बदलला. बाई आल्यावर त्याने आधी आकडे दाखवले, मग दार उघडलं. बाई म्हणाल्या, "स्टेपनीही बघायची आहे." दौलतने कपाळाला हात लावला.

बाईंची उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा. भांडताना त्या आवाज चढवत नसत, उलट खाली आणत. त्यामुळे समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागे, आणि वाकलेल्या माणसाला ओरडता येत नाही. पर्समध्ये हवा मोजायचं छोटं मीटर रुमालात गुंडाळून ठेवलेलं असे. सोमवारी सकाळी गाडी निघायच्या आधी त्या चारही चाकं मोजत. हवा गार असताना मोजायची, हा त्यांचा नियम. एकदा मे महिन्यात, दुपारी परत येताना, दौलतने चांदवडच्या पंपावर हवा तपासली. काटा नेहमीपेक्षा वर दिसला म्हणून तो हवा सोडायला लागला. बाई उन्हात उतरल्या.

"सोडू नकोस. तापल्यावर काटा वर जातोच. आत्ता सोडलीस तर सकाळी टायर उपाशी उठेल."

"उन्हात जास्त हवेनं फुटंल की म्याडम."

"जास्त हवेने क्वचित. कमी हवेने रोज." मग त्यांनी पंपाच्या कट्ट्यावर पडलेला तारेचा तुकडा उचलला, दहा-बारा वेळा इकडून तिकडे वाकवला आणि त्याच्या मनगटाला लावला. दौलतने हात झटकन मागे घेतला. "बघ. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात असा वाकतो. वाकून वाकून आतून तापतो. त्यात वरून ऊन, खालून काँक्रीट, गाडीत सहा माणसं आणि तुझा शंभरचा वेग. ऊन फक्त शेवटचं काम करतं."

हाच तारेचा प्रयोग त्या सातवीच्या वर्गातही करत. आमच्या शाळेतून बाहेर पडलेल्या पोरांना न्यूटनचे नियम आठवतील न आठवतील, तारेचा चटका नक्की आठवत असेल.

गाडीत त्या बहुधा गप्प असत. फक्त एक शब्द त्यांना चालत नसे, तो म्हणजे "पोहोचू." कुणी सहज जरी म्हटलं, जाऊ द्या बाई, पोहोचू की, तर त्या खिडकीतून नजर काढून त्या माणसाकडे बघत. "कशावरून?" एवढंच विचारत.

पुढे मी एक जुनी मोटार घेतली, आणि तिचे चारही टायर बदलायचे ठरले तेव्हा बाईंना बरोबर नेलं. मुंबई नाक्याकडचं एक मोठं दुकान होतं, काचेचं, थंडगार. दुकानदाराने आमच्यापुढे चकाकते काळे टायर मांडले, वर पाण्याच्या बाटल्याही दिल्या. बाईंनी बाटली घेतली नाही. त्या टायर फिरवून आकडे शोधू लागल्या.

"हा चार वर्षांपूर्वीचा आहे."

"मॅडम, एकदम नवा आहे. एकदाही गाडीला चढलेला नाही."

"न चढलेला आणि नवा, यात फरक आहे. गोदामात पडून रबर म्हातारं होतंच. वरून पॉलिश मारलंय एवढंच. या वर्षीचे काढा."

त्याने मग दुसरे काढले. ते मूळ मापापेक्षा रुंद होते. गाडीला रुबाब येतो, सगळे हेच घेतात, असं त्याचं म्हणणं. बाईंनी मला गाडीचं ड्रायव्हरकडचं दार उघडायला लावलं. दाराच्या चौकटीवर कंपनीचं स्टिकर होतं. आठ वर्षं आधीच्या मालकाने आणि दोन महिने मी ते पाहिलं नव्हतं. त्यावर टायरचं माप होतं, पुढे-मागे हवा किती ठेवायची ते होतं, भरल्या गाडीत किती वाढवायची तेही होतं. बाईंनी ते दुकानदाराला मोठ्याने वाचून दाखवलं. मग टायरवरची वजनाची संख्या आणि वेगाचं अक्षर त्याच्याशी ताडून पाहिलं. शेवटी एक अक्षर बोटाने दाखवलं.

"हे उष्णता सोसायचं अक्षर. ए, बी आणि सी. सर मे महिन्यात कुटुंब घेऊन हायवेने जाणार आहेत. मला ए हवा."

"बी पण चालतो मॅडम. कायद्यात बसतो."

"कायद्यात सीसुद्धा बसतो. मी कायद्याला बसवायला आलेले नाही, यांच्या मुलीला बसवायला आले आहे."

दुकानदार वैतागला. माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, गाडी तुमची आहे ना? तुम्ही सांगा." मी इकडे तिकडे पाहिलं आणि पाणी प्यायलो. बाईंनी पर्स खांद्याला लावली. आम्ही तिथून टायर न घेता बाहेर पडलो आणि पंचवटीतल्या एका अंधाऱ्या, लहान दुकानात हवे तसे चार मिळाले. चारही एकाच मेकचे, एकाच वर्षाचे. बसवून झाल्यावर बाई म्हणाल्या, "तुम्हाला तिथे एकदा तरी 'नाही' म्हणता आलं असतं." मी हसण्यावारी नेलं. ते वाक्य मला पुढे फार पुरलं.

त्यानंतरच्या वर्षी बसचं प्रकरण झालं.

आमच्या शाळेच्या मुलींचा खो-खोचा संघ पहिल्यांदाच बाहेरच्या राज्यात खेळायला निघाला होता. इंदूरला निमंत्रितांची स्पर्धा होती, मेच्या पहिल्या आठवड्यात. कर्णधार वैशाली, नववीतली, वीटभट्टीवर काम करणाऱ्याची मुलगी. वर्षभर या मुली शाळेआधी तासभर, शाळेनंतर तासभर माळावर धावत होत्या. संस्थेच्या अध्यक्षांनी मोठ्या मनाने बस दिली. बस त्यांच्या पुतण्याची. मुलींबरोबर बाई शिक्षक हवीच, म्हणून गांगुर्डे बाईंची नेमणूक झाली. शाळेतल्या दुसऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या.

सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं. पण अध्यक्ष यायचे होते, हार, नारळ, फोटो व्हायचे होते. अकरा वाजले. पत्र्याच्या शेडखालीही उभं राहवत नव्हतं. मुली नव्या टी-शर्टात रांगेने बसमध्ये चढल्या. बाई मात्र खालीच होत्या. बसभोवती फेरी मारून त्या पुढच्या डाव्या चाकापाशी थांबल्या, आणि मी ओळखलं की आता काहीतरी होणार.

"पुढची दोन्ही चाकं रिमोल्ड आहेत," त्या अध्यक्षांना म्हणाल्या. "जुन्या टायरवर नवी नक्षी चिकटवलेली. आणि या चाकाला बघा, बाजूला लिंबाएवढा फुगा आलाय. आतले धागे तुटल्याशिवाय असा फुगा येत नाही. या उन्हात ही बस इंदूरपर्यंत जाऊ शकत नाही. मध्ये घाट आहे."

पुतण्या म्हणाला, "बाई, रोज धावते ही गाडी."

"धावत असेल. आज यात बारा मुली आहेत."

अध्यक्षांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, की बसला हार घातला आहे, पेपरात फोटो जाणार आहे, उद्या दहाला पहिला सामना आहे. बाईंनी तितक्याच समजुतीने सांगितलं, की मालेगावहून दोन टायर आणवा, तीन तासांत बसतील, ऊन कलल्यावर निघू, रात्रीपर्यंत इंदूर गाठता येईल. तसं नको असेल तर दोन जीपा करू. पुतण्याचा चेहरा लाल झाला. आपल्या गाडीत खोट आहे हे चारचौघांत मान्य करायला तो तयार नव्हता, आणि पुतण्याला खाली बघायला लावायला अध्यक्ष तयार नव्हते.

"बाई, तुम्ही चढता की नाही?" अध्यक्षांनी शेवटी विचारलं.

"नाही. आणि बाई शिक्षकाशिवाय मुलींना नेता येत नाही, हा संस्थेचाच नियम आहे." मग त्यांनी बसच्या दारात जाऊन हळू आवाजात सांगितलं, "मुलींनो, खाली उतरा."

मुली उतरल्या. कुणीच ओरडलं नाही, त्यामुळे ते जास्त वाईट वाटलं. पालक जमले होते. वैशालीचा बाप पुढे आला, तो अहिराणीत बोलायचा. "बाई, पोरी रडी राहिन्या, तुमले दिसत नही का?"

"दिसतंय, दादा. रडू दे."

गर्दीत आम्ही सात-आठ शिक्षक होतो. सगळ्यांनी तो फुगा पाहिला होता. बोलला फक्त दौलत. तो आम्हाला घेऊन आला होता, शिक्षक नव्हता, संस्थेचा माणूस नव्हता. चाकाशी वाकून, हात लावून तो सरळ अध्यक्षांना म्हणाला, "म्याडम खरं बोलत्यात. हे टायर लय वाईट हाय. मी माझी पोरं नाय बसवणार." त्याला कुणीतरी बाजूला ओढलं.

एक वाजेपर्यंत हे चाललं. नवे टायर आले नाहीत, जीपा आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी इंदूरला समोरच्या संघाला न खेळता पुढे चाल मिळाली.

आणि त्या बसचं काय झालं? काही झालं नाही. दोन दिवसांनी तीच बस वऱ्हाड घेऊन शिरपूरला गेली आणि सुखरूप परत आली. गावात हसू झालं. स्टाफरूममध्ये एकाने मुद्दाम विचारलं, "बाई, बस आली म्हणे परत?"

"बरं झालं."

"मग?"

"मग काय? उद्या दारात उभी केलीत तर उद्या पुन्हा अडवीन."

मी इतकी वर्षं शाळेत काढली, पण खरं ठरण्याची वाट न बघता आपल्या म्हणण्यावर असं उभं राहिलेलं माणूस दुसरं पाहिलं नाही. बस फुटली असती तर बाई थोर ठरल्या असत्या. ती फुटली नाही, आणि तशी फुटावी असं त्यांच्या मनात कधी आलंही नसेल.

संस्थेने नोटीस दिली. शाळेची बदनामी, विद्यार्थिनींचं नुकसान, वरिष्ठांचा अवमान. त्याला जोडायला एक निवेदन तयार झालं, की बस सुस्थितीत होती असं आम्हा खाली सह्या करणाऱ्यांचं मत आहे. मुख्याध्यापकांनी ते एकेकाला केबिनमध्ये बोलावून पुढे सरकवलं. माझी वेतनश्रेणीची फाईल त्या वेळी संस्थेकडे अडकली होती. हे कारण नाही, पण खरं आहे. मी सही केली.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर मी बाईंच्या शेजारी बसलो होतो. राहुडचा घाट उतरेपर्यंत मी मोबाईल चाळत राहिलो. त्यांना माहीत आहे हे मला कळत होतं. नाक्यावर उतरल्यावर मी माझ्या गाडीकडे निघालो, ती सकाळपासून तिथेच लावलेली असायची. बाई मागून म्हणाल्या, "सर, तुमच्या मागच्या डाव्या चाकात हवा कमी आहे. घरी जाण्याआधी भरून घ्या." एवढंच. मी हवा भरताना पंपावर बराच वेळ उभा होतो.

नोटिशीला बाईंनी एका पानात उत्तर दिलं. दोन्ही टायरांचे चार-चार आकडे, फुग्याची जागा, माप, मोबाईलवर काढलेले फोटो. शेवटची ओळ अशी होती, "माझ्या कृतीबद्दल मला खेद नाही." त्यांची एक वेतनवाढ रोखली गेली. त्या लढल्या नाहीत. म्हणाल्या, "त्यांनी त्यांचं काम केलं, मी माझं."

पुढे कधीतरी, पिंपळगावच्या पुढे एका बंद टपरीवरून गाडी जात असताना, त्या आपणहून बोलल्या. ती टपरी त्यांच्या वडिलांची. पंक्चर काढायचं दुकान. बाई तिथेच वाढल्या, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत. अकरा वर्षांच्या असताना एका दुपारी एक जीप हवा भरायला थांबली. आत बायका-मुलं. वडिलांनी टायर पाहिला आणि मालकाला म्हणाले, साहेब, हा संपलाय. साहेब म्हणाले, पोहोचू. वडील पंक्चरवाले, साहेब साहेब. त्यांनी हवा भरली आणि बाजूला झाले. तासाभराने वडाळीभोईकडून आलेल्या ट्रकवाल्याने त्या जीपचा टायर फुटून काय झालं ते सांगितलं.

"बाबा त्या दिवशी गप्प बसले," बाई म्हणाल्या. "पुढे तीस वर्षं जगले, पण त्या गप्प बसण्यातून काही बाहेर आले नाहीत. मला ते परवडणार नाही."



वैशाली वर्षभर बाईंशी बोलली नाही. विज्ञानाच्या तासाला उत्तर द्यायची ते भिंतीकडे बघून. दहावीचा निकाल घ्यायला आली तेव्हा मी ऑफिसात होतो. बाईंच्या टेबलासमोर उभी राहून ती म्हणाली, "बाई, पेढा घ्या. पण मी अजून रागावलेली आहे. आम्ही ती स्पर्धा जिंकलो असतो."

"जिंकला असता," बाई म्हणाल्या. "मी तुमचा खेळ पाहिलाय."

"मग?"

"मग राग ठेव. हवा तितकी वर्षं ठेव. रागवायला तू आहेस, मला तेवढं पुरे."

वैशालीने आणखी एक पेढा टेबलावर ठेवला आणि ती गेली. पाया पडली नाही. बाईंना ते आवडलं असावं, कारण तो दुसरा पेढा त्यांनी लगेच खाल्ला.

निवृत्तीला संस्थेने निरोपसमारंभ केला नाही. बाईंनी शेवटचा तास नेहमीसारखा घेतला, फळा पुसला आणि एसटीने घरी गेल्या. महिन्याभरात त्यांनी गाडी शिकायला सुरुवात केली. शिकवणारा म्हणाला, या वयात कशाला मावशी. बाई म्हणाल्या, या वयातच वेळ मिळाला. मुलगा पुण्याहून फोनवर रागावला, भाऊ रागावला. त्यांनी एक लहान पांढरी गाडी घेतली. तिच्या टायरचे आकडे तपासताना त्यांनी ज्या विक्रेत्याला काय काय विचारलं असेल, त्याची मला दया येते.

दोन वर्षांनी त्या गेल्या, न्यूमोनियाने, सात दिवसांच्या आजारात. अमरधाममध्ये दौलत आला होता. वैशालीही आली होती, आता ती पोलीस भरतीची तयारी करते. ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि तिला तसा अधिकार होता. त्या निवेदनाखालच्या सह्या गावात सगळ्यांना माहीत होत्या. आता मी नव्या शिक्षकांना सांगतो, मी त्यातली एक सही केली होती, आणि ती चूक होती. स्टाफरूममध्ये, मुख्याध्यापकांसमोरही सांगतो. फार नाही, पण तेवढं जमायला लागलं आहे.

मी बाईंना शेवटचं पाहिलं ते त्यांच्या आजारपणाच्या आधीच्या मे महिन्यात. आम्ही प्रशिक्षणाला निघालो होतो, सकाळचे नऊ, ऊन आत्ताच भाजायला लागलेलं. ओझरच्या पुढे आमच्यापुढे गाड्यांची रांग लागली. सगळे हॉर्न वाजवत होते. दौलत मान बाहेर काढून बघत म्हणाला, "सर, म्याडम हायेत."

डाव्या लेनमधून ती लहान पांढरी गाडी सत्तरच्या वेगाने चालली होती, एकाच रेषेत. मागे एक मोठी काळी गाडी दिवे मारत अंगावर येत होती, तिच्यामागे एक टेम्पो. पुढे जायला उजवीकडे वाट मोकळी होती, पण त्या काळ्या गाडीला बाईच बाजूला व्हायला हव्या होत्या. आम्ही शेजारून पुढे निघालो तेव्हा मी काच खाली करून हात हलवला. बाईंचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, पाठ ताठ, डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. रस्त्यावरून नजर काढली नाही. मी मागे वळून बराच वेळ पाहत होतो. हॉर्न वाजतच होते, दिवे लागत-विझत होते, आणि ती गाडी सत्तरवरून एकाहत्तरवर गेली नाही.